तीन बोटं आणि बाबांचा भाता

सौंसरच्या आमच्या घरी देवघराशेजारी बाबांची पेटी असते. भजनी मंडळात त्यांनी ती तीस वर्षं वाजवली. मी बी.ई. केलं, पुण्याला नोकरी धरली, पेटीला कधी हात लावला नाही. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा गेला. पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो. पेटीवर कापड पडलं ते पडलंच.

मग मी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणला. त्याला भाता नाही. बाबांनी उजव्या हाताने चाल वाजवली आणि म्हणाले, "बरं हाय, पण सुनं सुनं वाटते." ते सुनं भरायला मी चौतिसाव्या वर्षी कॉर्ड शिकायला बसलो.

कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर. पांढरी एक हा सा धरला, तर पांढऱ्या पट्ट्यांवर एक दाबा, एक सोडा, एक दाबा, एक सोडा, एक दाबा. झाला सा-ग-प. दुसरा म-ध-सा, तिसरा प-नी-रे. या तिघांत सातही शुद्ध स्वर येतात, म्हणून बहुतेक सोप्या गाण्यांना एवढे पुरतात.

माझं अडायचं ते उडी मारताना. हात सा वरून म वर नेईपर्यंत बाबा पुढच्या ओळीवर गेलेले असत. मग युक्ती सापडली: हात उचलायचाच नाही. सा-ग-प वरून सा तसाच ठेवा, बाकी दोन बोटं एकेक पट्टी वर सरकवा, म्हणजे सा-म-ध. प तसाच ठेवून बाकी दोन एकेक पट्टी खाली आणा, म्हणजे नी-रे-प. सूर तेच, फक्त क्रम बदलला. नुसता प चा ध केला, तर सा-ग-ध हा जरा उदास कॉर्डही मिळतो.

बाबांचा सूर काळी एक. ट्रान्सपोझचं बटण एकदा दाबलं की पांढऱ्याच पट्ट्यांतून काळी एक वाजते. "हे त चोरी झाली बे," बाबा हसले.

पण एका भजनात कोमल गंधार आला आणि माझा सा-ग-प त्याच्याशी भांडला. बाबा थांबले. "काहून तीन-तीन दाबतं? तो ग माह्याजवळ राहू दे ना." मी ग सोडला. सा आणि प उरले, तंबोऱ्यात असतात तसे. भजन एकदम बसलं. गिटारवाले यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून सुटीत घरी आलो की मी डावीकडे बसतो, बाबा उजवीकडे. माझा डावा हात, त्यांचा उजवा.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरचे सगळे पांढुर्ण्याला गेले होते. जाम नदीवर गोटमार, आणि घरात आम्ही दोघंच. वाजवता वाजवता बाबांनी पेटीकडे पाहिलं. "तुह्या डाव्या हाताले आता लय आली हाय. भाता मारून पाहतं काय?"

मी कापड काढलं. भाता मी मारला, पट्ट्या त्यांनी दाबल्या. पहिल्या ओळीत माझा वारा कमी पडला, दुसरीपासून जमलं.

भाता मारायला कॉर्ड लागत नाहीत. शेजारी बसावं लागतं. तीन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.