रिकामी कार्ट्रिज आणि सासूबाईंचा प्रश्न



गेल्या दशलक्षण पर्वाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोक मी त्यांना घरच्या लेझर प्रिंटरवर मोठ्या अक्षरात छापून देते, एका पानावर दोनच. त्या दिवशी मात्र प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ. आई पान उजेडात धरून म्हणाल्या, "अगं, काना कुठला आणि रेघ कुठली, काही कळेना बघ."

झाकण उघडले तर आत काळी पावडर सांडलेली. ती खालच्या टेबलक्लॉथवरही पडली. मी घाईने तो गरम पाण्यात भिजवला. ते डाग अजून गेलेले नाहीत.

कंपनीची नवी कार्ट्रिज साडेतीन हजारांच्या घरात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चारशे रुपयांत पावडर भरून मिळते. मी दोनदा भरून आणली होती आणि काटकसर केली म्हणून खूशही होते. आता यांनी निकाल दिला, "ओरिजिनलच आण आणि विषय संपव." मलाही ते पटले. तेवढ्यात आईंनी विचारले, "आणि ही कुठं टाकणार?"

मला उत्तर देता येईना. आपल्या घरी पाणी गाळल्यावर वस्त्रात जे उरते, तेही आपण जपून परत पाण्यात सोडतो. गाळले की काम संपले, असे आपण मानत नाही. मग पाने छापून झाल्यावर हा हातभर प्लास्टिकचा डबा घंटागाडीत टाकला की माझे काम कसे संपले? कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईच्या हातात तो फुटणारच.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कार्ट्रिज उघडून दाखवली. टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लास्टिकची अगदी बारीक रंगीत पावडर. प्रिंटरमधली उष्णता ती वितळवून कागदाला चिकटवते. गरम पाण्याने माझे डाग का पक्के झाले, ते तिथे कळले. आत ड्रम नावाची एक नळी असते. तिच्यावर उरलेली पावडर एक पट्टी खरवडून वेगळ्या कप्प्यात टाकते. माझ्या कार्ट्रिजमध्ये दोन्ही वेळा नुसती पावडर भरली होती. वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा कोणी रिकामा केलाच नव्हता, म्हणून ती बाहेर आली. पट्टी झिजली होती, म्हणून रेघ.

म्हणजे 'रिफिल' आणि 'रीफर्बिश्ड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट रीफर्बिश करताना कार्ट्रिज पूर्ण उघडतात, साफ करतात, झिजलेला ड्रम आणि पट्टी बदलतात, मग छापून बघतात. काकांनी अकराशे रुपये घेतले. काम करताना त्यांच्या तोंडावर मास्क होता, तेही मी पाहून घेतले. आपली बचत दुसऱ्याच्या छातीत जायला नको.

तेव्हापासून मी हीच वापरते. काळेपणा किंचित कमी वाटतो, पण आई सगळे वाचतात. तुमच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी:

प्रिंटर वॉरंटीत असेल तर अटी आधी वाचा. बाहेरच्या कार्ट्रिजमुळे बिघाड झाला तर कंपनी सहसा खर्च उचलत नाही. काही प्रिंटर चिप ओळखली नाही तर चालतच नाहीत, म्हणून मॉडेल नंबर सांगूनच घ्या.

दुकानात विचारा, "ड्रम आणि पट्टी बदलली का? छापलेला नमुना दाखवा. बिघडली तर परत घ्याल का?" उत्तर टाळले तर तिथून निघा.

पावडर सांडली तर फुंकर मारू नका, घरचा व्हॅक्यूमही नको, पावडर त्यातून हवेत उडते. नाकातोंडाला रुमाल बांधा आणि गार पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून घ्या. मुलांना लांब ठेवा.

रिकामी कार्ट्रिज ई-कचऱ्यात मोडते. ती दुरुस्तीवाल्याला, कंपनीला किंवा ई-कचरा केंद्रात द्या. फेकू नका.

आणि सगळ्यात स्वस्त पान म्हणजे न छापलेले पान. पाठशाळेच्या सूचना मी आता फोनवरच पाठवते. छापते ती फक्त आईंची पाने.

परवा त्यांनी नवीन पाने हातात घेतली, नाकाशी नेली, मग चष्मा पुसून वाचायला बसल्या. पहिले पान उलटताना मला विचारले, "ती जुनी डबी दिलीस ना नीट?"

"दिली, आई," म्हटले.