गरोनचे डोळे

आपल्या सह्याद्रीत गुहा म्हटली की डोळ्यांपुढे उभे राहते ते लेणे. कार्ले, भाजे, अजिंठा! हा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. त्याला छिन्नीच लागते. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील पिरिनीज पर्वताची तऱ्हा निराळी. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांत पाणी हेच पाथरवट. या अंधाऱ्या मुलुखात सारे आयुष्य हिंडलेला मनुष्य म्हणजे नॉर्बेर कास्तरे.

कास्तरे १८९७ साली गरोन नदीकाठच्या सें-मार्तोरी गावी जन्मला. पहिल्या महायुद्धातून परतलेला हा तरुण माँतेस्पाँच्या गुहेत शिरला, तेव्हा पुढे छत थेट पाण्याला टेकलेले. मेणबत्त्या नि काड्यापेटी रबरी टोपीत जपून याने सरळ बुडी मारली आणि पलीकडे डोके वर काढले! १९२३ साली त्याच गुहेत त्याला आदिमानवाने मातीचे घडवलेले अस्वल सापडले.

परंतु मला तो आठवतो तो आरानच्या दरीत. आनेतो शिखराच्या हिमनदीचे पाणी डोंगरापलीकडे ‘त्रू द्यु तोरो’ नावाच्या विवरात गडप होते. ते जाते कुठे? उतार पाहावा तर ते एसेरा नदीतून भूमध्य समुद्राला मिळायला हवे. तिकडे वीज काढण्यासाठी हे पाणी वळवण्याचा बेतही शिजत होता. १९३१ च्या जुलैत कास्तरेने विवरात साठ किलो हिरवा रंग ओतला. दुसऱ्या दिवशी सुमारे चार किलोमीटरवर, पर्वतरांगेच्या अलीकडे नि सहाशे मीटर खाली, आरानमधला झरा हिरवागार होऊन उसळला. पाणी गरोनचे, तूलूझ आणि बोर्दोचे, अटलांटिकचे ठरले. तर्काला जे दिसत नव्हते, ते रंगाने दाखवले.

या छंदाची किंमत त्याने जवळून पाहिली होती. १९५२ साली पिएर-सें-मार्तेंच्या तीनशे मीटरांहून खोल विवरात त्याचा सहकारी मार्सेल लुबाँ दोराची पकड तुटून पडला आणि तिथेच वारला. त्याचा देह दोन वर्षे त्या काळोखात राहिला. १९५४ साली तो वर आणण्यासाठी गेलेल्यांत पन्नाशी उलटलेला कास्तरेही होता. जिथे आपला माणूस गेला, तिथे पुन्हा उतरायला निराळेच काळीज लागते.

१९८७ साली कास्तरे वारला. आरानचे लोक त्या झऱ्याला ‘डोळे’ म्हणतात. तिथे उभा राहिलो तेव्हा खडकांतून फेसाळत पाणी येत होते. गार, स्वच्छ, भरभरून. आनेतोचे बर्फ हल्ली झपाट्याने आटते आहे. ओंजळ भरताना मनात आले, पुतळे पुष्कळांचे उभारतात. पण नदीला तिचे माहेर सांगणारा मनुष्य विरळा. गावोगावच्या नळांना त्याचे नाव ठाऊक नसेल. वाहत्या पाण्याला मात्र तो वाट ओळखून होता.