हौसेची जखम

जळीत रुग्णांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली. जखमा दोन प्रकारच्या असतात, असं माझं तिथे ठाम मत झालं होतं: नशिबाने आलेल्या आणि हौसेने घेतलेल्या. स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या बाईचा गळा वणाने आखडू नये, म्हणून ती रडत-ओरडत असतानाही मी तिच्याकडून मानेचे व्यायाम करून घेतले आहेत. उकाड्यात वण दाबून ठेवणारे घट्ट प्रेशर गारमेंट काढून फेकणाऱ्या पोरांच्या मागे मागे फिरले आहे. पण पैसे मोजून पोट सपाट करून घेतलेल्या एखाद्या बाईने टाक्यांची तक्रार केली, की माझ्या कपाळाला आठी पडायची. विकत घेतलेलं दुखणं आहे, आता सोसा म्हणावं!

हे मत मी मनातच ठेवायला हवं होतं. मी ते घरात बोलून दाखवलं.

माझ्या धाकट्या जावेचं वजन खूप होतं. बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर ते उतरलं, पण पोटाची कातडी सैल होऊन लोंबत राहिली. मग तिने टमी टक करून घ्यायचं ठरवलं. त्यात ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद घेतात, जादा कातडी काढून टाकतात आणि वरची कातडी खाली ओढून शिवतात. ती घरी आल्यावर मी पथ्यपाणी केलं, ड्रेसिंगवरही नजर ठेवली. कर्तव्याला चुकणारी मी नव्हे. पण एकदा पोळ्या लाटता लाटता सासूबाईंना म्हणाले, "विकत घेतलेलं दुखणं आहे हो हे." जाऊ तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. ती कसंनुसं हसली. त्यानंतर तिने पोटाचा विषय माझ्याकडे कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे घरात एक लग्न निघालं. मंगल कार्यालयाच्या खोलीत आम्ही दोघी साड्या नेसत होतो. तिच्या निऱ्या काही केल्या ठरेनात. पाहते तर परकराला नाडीच नाही. सैल इलॅस्टिक घालून तिने तो पार छातीखाली ओढलेला. "अगं, असा कुठे परकर नेसतात? खाली घे आणि आवळ नीट," असं म्हणत मी हात घातला, तशी तिने माझं मनगट धरलं. मग दाराला कडी लावली आणि मला दाखवलं.

छेदाची रेघ दोन्ही टोकांना बारीक होती. मधोमध मात्र तिचा बोटभर जाडीचा उंचवटा झाला होता: लालसर जांभळा, चकचकीत, हात लावला तर टणक. आजूबाजूला ओरखडे होते आणि एका बाजूला पुरळ. कुणीतरी सांगितलं म्हणून ती व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून चोळत होती, त्याचं ते पुरळ. नाडी बांधली की परकराची गाठ बरोबर त्या उंचवट्यावर यायची. रात्री खाज असह्य झाली, की नखं लागू नयेत म्हणून ती गाऊनवरून कंगवा फिरवायची.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगणार ताई? विकत घेतलेलं दुखणं ना हे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उलट उत्तर दिलं असतं, वाद घातला असता आणि सुटले असते. पण ती ते खरं मानून बोलत होती. माझा निकाल तिने मुकाट्याने स्वतःवर लागू करून घेतला होता आणि शिक्षाही भोगत होती. बाहेर सनई वाजत होती, कुणीतरी दार ठोठावून आम्हाला हाका मारत होतं, आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

वाढणाऱ्या वणाचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉनची पट्टी सुरू करायची, दिवसाचे किमान 12 तास, निदान दोन-तीन महिने. टाक्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून कागदी टेप लावायची, हलकं मालिश करायचं. परक्या माणसांना मी हे रोज सांगत आले होते. शिवाय जावेच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण टपोरी फुगलेली आहे, हे तिच्या लग्नापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. ज्याचा आधीचा एखादा वण असा फुगलेला असतो, त्याचा नवा वणही फुगण्याची शक्यता जास्त. 'शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना ही खूण दाखव,' एवढं वाक्य पुरलं असतं. ते मला सुचलं नाही, कारण तिच्या पोटाकडे मी नर्स म्हणून पाहिलंच नव्हतं. जाऊ म्हणून पाहत होते, आणि तेही वाईट जाऊ म्हणून.

त्या रात्री मी स्वतःची समजूत काढली. म्हटलं, तिची शस्त्रक्रिया तशी हौसेची नव्हतीच. लोंबणाऱ्या कातडीच्या घडीत दर पावसाळ्यात बुरशी व्हायची, कातडी सोलवटून निघायची. म्हणजे ही गरजेचीच जखम. केवढं बरं वाटलं मला! पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की मी फक्त तिला एका रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. रांगा तशाच होत्या आणि कोण कुठे बसणार हे ठरवणारी मीच होते. समजा, तिला बुरशी झालीच नसती. समजा, तिला नुसतं छान दिसायचं होतं. मग तिची खाज कमी झाली असती का?

कातडीला कारण कळत नाही. जिथे ताण असतो, जखम भरायला वेळ लागतो किंवा अंगाचीच प्रवृत्ती असते, तिथे ती गरजेपेक्षा जास्त कोलॅजन बनवत राहते, मग जखम स्टोव्हची असो की सर्जनच्या सुरीची. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत भरून आलेल्या जागेचा रंग भोवतालच्या कातडीशी जुळवण्याचे उपायही आहेत. म्हणजे वण कसा दिसतो ही काळजीदेखील उपचारातच धरली होती. त्या काळजीला नखरा मी ठरवलं.

लग्नानंतर मी तिच्याबरोबर प्लास्टिक सर्जनकडे गेले. वण जखमेच्या हद्दीतच होता, म्हणून हा हायपरट्रॉफिक स्कार, असं त्यांनी सांगितलं. केलॉइड नावाचा वण मात्र हद्द ओलांडून निरोगी कातडीवर पसरतो आणि नुसता कापून काढला तर बहुतेकदा पुन्हा उगवतो. जावेला चार-सहा आठवड्यांच्या अंतराने वणातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. ती चांगलीच दुखतात आणि त्यांनी कातडी पातळ किंवा पांढुरकी पडू शकते, हे आधीच सांगितलं होतं. सोबत सिलिकॉनची पट्टी. ती रोज धुऊन लावायची. व्हिटॅमिन ई बंद. आधी खाज गेली, मग उंचवटा हळूहळू बसला. रेघ राहिली आहे, ती राहणारच. वण निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

मी तिची माफी मागितली. "जाऊ द्या हो ताई," म्हणून तिने विषय संपवला. तिने मला किती माफ केलं ते तिलाच ठाऊक, आणि ते विचारायचा हक्क मला नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पोट, दंड, छाती, कुठल्याही शस्त्रक्रियेला जाण्याआधी अंगावरचे जुने वण डॉक्टरांना दाखवा: बीसीजीची खूण, कान टोचल्याची जागा, सिझेरियनचे टाके. नवा वण महिना-दोन महिन्यांत फुगू लागला, खाजू लागला तर घरगुती तेलं चोळत बसू नका. लवकर दाखवलं तर उपाय सोपा असतो. आणि कुणी तुम्हाला आपला वण दाखवलाच, तर जखम कशी झाली हे विचारायच्या आधी विचारा, दुखतंय का.