मुखवट्याचे हस्तांतर

घोरणे म्हणजे गाढ झोपेची पावती, असा आपल्याकडे रूढ समज. आमच्या पुतण्याच्या घोरण्यात मधूनच शांतता पसरे आणि मग तो दचकून श्वास घेई. ती शांतता म्हणजे अडलेला श्वास, असे निदान तो नऊ वर्षांचा असताना नांदेडला झाले. टॉन्सिल काढूनही त्रास उरला, म्हणून घरात सीपॅप यंत्र आले.

सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती साधी आहे. नाकावरच्या मुखवट्यातून दाबाने हवा सोडत राहिले, की झोपेत सैलावलेला घसा मिटत नाही. मात्र हे यंत्र आजार मुळातून घालवीत नाही. ज्या रात्री लावावे, त्या रात्रीपुरताच श्वास मोकळा ठेवते. आमच्या घरी मुखवटा रोज वहिनी बांधत.

अकरावीला मुलगा लातूरला गेला. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्यातल्या अनेक मुलांना डॉक्टर केले, हे आम्ही मानतोच. पण वसतिगृहाच्या खोलीत तिघांच्या देखत तोंडावर नळी चढवून निजणे सतराव्या वर्षी सोपे नसते. वापराचे तास यंत्र स्वतःच नोंदवते, आणि त्या नोंदीत रिकाम्या रात्री वाढत गेल्या. वर्गातल्या डुलक्यांचे खापर मात्र अभ्यासाच्या जागरणावर फुटले.

पुढे अठरावे सरले आणि बालरोगतज्ज्ञांचे दार मिटले. मुलांमध्ये तासाला एकाहून अधिक अडथळे आले तरी विकार धरतात. प्रौढांत ती मोजणी ५ पासून सुरू होते. तेरा ते अठरा या वयात यांपैकी कोणतीही फूटपट्टी चालते. म्हणजे तीच रात्र एका दालनात आजारी आणि शेजारच्या दालनात निरोगी ठरू शकते!

नव्या डॉक्टरांनी प्रश्न वहिनींना नव्हे, त्याला विचारले. यंत्र कशासाठी? दाब किती? तो गप्प राहिला. नऊ वर्षे सारे काही आईलाच समजावले गेले होते. मुखवटा त्याच्या ओळखीचा होता. त्यामागचे कारण त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

डॉक्टरांनी मग त्याच्याच एका रात्रीचा आलेख त्याच्यापुढे ठेवला. प्राणवायूची रेघ जिथे जिथे कोसळली होती, तिथे त्याने स्वतः बोट ठेवले. फाईल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली म्हणजे रुग्ण मोठा झाला, असे नव्हे. कारण त्याच्या हाती यावे लागते, आणि तेही घर सुटण्याआधी.

आजही काही रात्री रिकाम्या जातात. पण त्या किती, हे आता तो स्वतःच सांगतो.