पाण्याचा श्वास

भोरकडे धरणाचें बोलणें निघालें, कीं पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती टक्के भरलें?’ आणि दुसरा, ‘खालीं किती सोडलें?’ त्या पाण्यांत प्राणवायु किती आहे, असें विचारणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. नदींतील माशाला मात्र या तिसऱ्या प्रश्नाशींच कर्तव्य असतें.

एक लिटर हवेंत प्राणवायु सुमारें २७० मिलिग्रॅम असतो. तेवढ्याच पाण्यांत, तें २० अंश उष्ण असतां, हवेंतून फार तर ९ मिलिग्रॅम विरघळतो. ३० अंशांवर साडेसातच. उन्हाळा वाढतो तसतशी पाण्याची झोळी लहान होते, आणि माशाची गरज तर त्याच वेळीं वाढते. हें प्रमाण ५ च्या खालीं गेलें कीं पुष्कळ मासे कासावीस होतात. मरळ, मागूर यांसारखे वर येऊन हवा गिळणारे तेवढे तग धरतात.

वेळवंडी नदीवरील भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याच्या ८१ दरवाजांपैकीं ४५ आपोआप उघडणारे आहेत, आणि श्रावणांत ते उघडले म्हणजे पांढरेंशुभ्र पाणी पाहावयास माणसांची रीघ लागते. तो पांढरा रंग हवेचा! कोसळणारी धार आपल्याबरोबर हवा ओढून खोल डोहांत नेते. तेथें तिचे असंख्य बुडबुडे होतात, खोलीच्या दाबानें ते पाण्यांत अधिक विरतात, आणि खळबळ पाण्याचा नवा नवा थर त्यांच्याशीं भिडविते. जें काम संथ डोहाला कित्येक तासांत साधत नाहीं, तें येथें क्षणार्धांत होतें.

परंतु श्रावणांत नदीला या उपकाराची निकड नसते. निकड असते ती वैशाखांत. त्या वेळीं खोल जलाशयाचे दोन थर पडतात: वर ऊन व हलकें पाणी, खालीं गार व जड. खालच्या थराला वाऱ्याचा स्पर्श नाहीं. तळाचा पालापाचोळा कुजतांना असलेला प्राणवायु खाऊन टाकतो, आणि पुढें सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. धरणाच्या तळाशीं सोडलेलें पाणी या थरांतलें असतें. तें मोरींतून फवाऱ्यासारखें उसळत आलें तर वाटेंत थोडी हवा घेतें. वीजगृहाच्या चक्रांतून मुकाट्यानें आलें तर गुदमरलेलेंच नदींत उतरतें.

मुलांना हें तोंडानें सांगून पटेना, म्हणून वेल्ह्याकडील एका ओढ्यावरच्या लहान बंधाऱ्याशीं आम्ही बाटल्या घेऊन गेलों. हंगेरींतील लायोश विंक्लर यानें १८८८ सालीं दाखविलेली रीत अजून शाळेला परवडणारी आहे. बाटली पाण्याखालीं धरून कांठोकांठ भरावयाची. एक बुडबुडा राहिला तरी फुकट. मग मँगनीज सल्फेट व क्षारयुक्त आयोडाइड घालावयाचें. प्राणवायु नसेल तर साका पांढरा बसतो, असेल तर तपकिरी. बंधाऱ्यामागच्या शेवाळलेल्या, निजलेल्या पाण्याचा साका फिकट आला. दोन हात खालीं पडलेल्या पाण्याचा चांगला गूळरंगी. पुढें आम्ल, कांजी आणि हायपो यांनीं मोजमाप होतें. पण मुलांचें समाधान त्या रंगानेंच झालें होतें. एकानें विचारलें, ‘गुरुजी, मग धरणाखालीं मुद्दाम असा बंधारा कां बांधीत नाहींत?’

बांधतात. अमेरिकेंत टेनेसी राज्यांतील साउथ होल्स्टन धरणाखालीं १९९१ सालीं नागमोडी माथ्याचा बंधारा घातला, तो याच कामासाठीं. माथा नागमोडी केल्यानें त्याची लांबी वाढते, आणि पाणी पातळ पडद्यासारखें पडून हवेशीं अधिक भिडतें. उंची वाटेल तितकी वाढवूनहि चालत नाहीं. कोलंबिया नदीवरील मोठ्या धरणांखालीं पाणी फार खोल बुडाल्यानें त्यांत नत्रवायु प्रमाणाबाहेर विरला, आणि माशांच्या रक्तांत बुडबुडे होऊन ते मेले. आमच्या बंधाऱ्यांना ती भीति नाहीं. त्यांना भीति आहे ती निराळीच.

पानशेतचें पाणी खडकवासल्यास येतें आणि तेथून पुण्याच्या नळांना जातें. शहरांतून तें मुठेंत परत येतें तेव्हां त्यांत मैला असतो, आणि मैला खाणारे जंतु बंधाऱ्यानें दिलेला प्राणवायु पुढच्या कांहीं अंतरांतच संपवून टाकतात. अशा ठिकाणीं बंधाऱ्यावर बंधारा बांधणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. आधीं मैलाच अडविला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याखालीं बाटली भरली तर साका कोणत्या रंगाचा येईल, असें मुलांनीं विचारलें आहे. पुढच्या सुटींत पुण्यास जावयाचें ठरलें असून, कांचेचीं बुचें असलेल्या आणखी सहा बाटल्या मीं मागविल्या आहेत.