ब्रेकचीही पत्रिका जुळावी लागते!

आपलं सगळं घोडं लुकपाशी अडतं. मोबाइलचं कव्हर हटके हवं, ऑफिसच्या डेस्कवरचा मगसुद्धा झकास हवा. माझं घोडं अडलं सायकलच्या ब्रेकपाशी. आणि त्याची किंमत भलतंच कुणीतरी मोजणार होतं.

झालं असं की, पुण्यात मी एक सेकंडहँड सायकल घेतली होती. सरळ हँडल, जाड टायर, पुढे-मागे ‘पॉवर ब्रेक’. बाहेर ज्याला व्ही-ब्रेक म्हणतात तोच हा. आपल्याकडे त्याचं बारसं ‘पॉवर ब्रेक’ असं झालंय. सायकल एकदम सही, पण ब्रेकच्या लिव्हर काळ्या प्लॅस्टिकच्या. बोअर! मग एका दुकानात जुन्या स्टाइलच्या, चकचकीत ॲल्युमिनियमच्या लिव्हर दिसल्या. प्रेमातच पडले. दुकानदार म्हणाला, ‘‘बसतील ना मॅडम, लिव्हर ती लिव्हर.’’ त्यानं त्या बसवल्या. ब्रेक जरा ढिला वाटत होता, म्हणून वायर ताणून ब्रेकचे रबर रिमच्या अगदी लगत आणून दिले. काम फत्ते. फोटोला लाइक्सही सॉलिड मिळाले.

पुढे मी स्कूटर घेतली आणि सायकल नुसतीच जिन्याखाली उभी राहिली. तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा राहतो पिंपळगाव राजाला. बुलढाणा जिल्हा, खामगाव तालुका, घाटाखालचं गाव. (‘कुठला राजा?’ हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक मित्रानं विचारून झालाय.) मामेबहीण बारावीला गेली होती. घर गावाबाहेर, वावराला लागून आणि क्लास गावात. म्हटलं, माझी सायकल पाठवते ना! गणपतीच्या सुमारास ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ती खामगावला उतरली. मला अगदी दानशूर वगैरे वाटत होतं.

दिवाळीला गेले, तर दारातच मामीची तक्रार. ‘‘दोन महिन्यांत ही तिसरी चप्पल!’’ पाहिलं तर उजव्या चपलेची टाच निम्मी झिजलेली. मी सहज विचारलं, तर बाईसाहेब तितक्याच सहज म्हणाल्या, ‘‘ब्रेक लागत नाही ना ताई, मग पाय घासते.’’

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. रस्त्यावर नाल्याच्या पुलाकडे जाणारा एक उतार आहे. तिथं समोरून कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. तिनं दोन्ही ब्रेक दाबले. दोन्ही लिव्हर थेट हँडलला टेकल्या आणि सायकल आपली चाललीच आहे! शेवटी तिनं हँडल वळवलं आणि शेजारच्या तुरीत घुसली. कोपरावरची खपली अजून पुरती गेली नव्हती.

‘‘अगं, सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू एवढ्या हौसेनं पाठवली. मले वाटलं, मलेच जमत नाही चालवायला.’’

मला काय बोलावं तेच सुचेना.

संध्याकाळी सायकल घेऊन गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकदाच लिव्हर दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे कोणं बसवलं ताई? दिसाले लय मस्त. पण ह्या बिरेकले ह्या लिवर नाही चालत. वायर ओढतच नाही तेवढी.’’

बस्स, एवढाच सगळा फंडा आहे. शाळेतली तरफ आठवते? जोर वाचवायचा तर अंतर जास्त मोजावं लागतं. व्ही-ब्रेकचे हात लांब असतात आणि वायर त्यांच्या वरच्या टोकाला असते. त्यामुळे रबर रिमवर घट्ट दाबला जातो, पण त्यासाठी वायर भरपूर ओढावी लागते. जुन्या कॅलिपर किंवा कँटिलिव्हर ब्रेकच्या जवळपास दुप्पट. शिमानोनं १९९६ मध्ये हे ब्रेक आणले, तेव्हा त्यांच्यासाठी जास्त वायर ओढणाऱ्या वेगळ्या लिव्हरही आल्या. माझ्या चकचकीत लिव्हर होत्या जुन्या जातीच्या, कमी ओढणाऱ्या. पुण्यात त्या चालल्या, कारण रबर रिमला जवळजवळ चिकटून होते. पिंपळगावच्या खड्ड्यांत चाकाला बाक आला, रबर घासायला लागला, म्हणून कुणीतरी वायर सैल केली. खेळ खल्लास!

उलटी चूक तर जास्त फसवी. जुन्या ब्रेकला व्ही-ब्रेकची लिव्हर लावली, तर हाताला ती मस्त टणक लागते. वाटतं, वा, काय ब्रेक आहे! पण रिमवर पकड अर्धीच पडते. जीव खाऊन दाबा, सायकल थांबते तिच्या सवडीनं.

आजोबांच्या काळ्या सायकलला हे टेन्शनच नव्हतं. तिथं वायर नाही, लोखंडी सळया. लिव्हर दाबली की सळई वर ओढली जायची आणि रबर रिमला आतून लागायचे. लिव्हर, सळई, ब्रेक सगळा एकच संच. आपल्याला चॉइस मिळाला आणि चूक करायची सोयही झाली.

तेव्हा लिव्हर बदलायची असेल, तर आधी एक पट्टी घ्या. लिव्हर ज्या खिळ्यावर फिरते, तिथपासून वायरची गोळी अडकते तिथपर्यंतचं अंतर मोजा. साधारण ३ सेंटिमीटर किंवा त्याच्या आत असेल तर ती जुन्या ब्रेकची, साडेतीनच्या पुढे असेल तर व्ही-ब्रेकची. काही लिव्हरना दोन्हींसाठी खटका असतो, तो योग्य जागी आहे ना, ते बघा. आणि बसवल्यावर पूर्ण जोर लावून दाबा. लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा उरायलाच हवी. रबर रिमला चिकटवून ‘जमवून’ देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मिस्त्रींनी एका भंगारातल्या सायकलच्या लिव्हर काढल्या. काळ्या, प्लॅस्टिकच्या, हुबेहूब मी काढून टाकल्या होत्या तशाच. चाकाचा बाक काढला, वायर नवी टाकली आणि सगळ्याचे दीडशे रुपये घेतले. माझ्या त्या लिव्हरच्या किमतीत असे चार ब्रेक झाले असते. घरी आल्यावर मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे रूप पाहून पसंत केलं, पत्रिका पाहिलीच नाही.’’

दुसऱ्या दिवशी बहिणीबरोबर मी त्या उतारापर्यंत चालत गेले. ती वरून सुटली आणि मी खाली पुलापाशी श्वास रोखून उभी. माझ्यापासून हातभर अंतरावर तिनं दोन बोटांनी लिव्हर दाबली. सायकल जागच्या जागी थांबली. दोन्ही पाय पेडलवर.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘मले येते की चालवता!’’