अलास्का : जहाजाआधी पंचांग

अमळनेरच्या व्यापारी कुटुंबात अलास्काच्या क्रूझचा बेत ठरला, की पहिली चर्चा बाल्कनीच्या भाड्याची होते. वास्तविक आधी उघडावे ते पंचांग. हंगाम साधारणतः मे ते सप्टेंबर. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना मे आणि जून एवढेच महिने उरतात. हा तोटा नव्हे. जूनमध्ये जूनो येथे सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो. त्यामुळे आठची पंगतही चौविहारात बसते.

त्यानंतर मार्ग. सिॲटलहून निघणारी जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या प्रशांत महासागरातून जातात. व्हँकुव्हरहून निघालेली बेटाच्या आडोशाने जातात व कमी हेलकावतात. घरात सत्तरी ओलांडलेले वडीलधारे असतील, तर हा फरक भाड्यातील फरकाहून मोठा. कॅनडाच्या व्हिसाची यातायात टाळण्यासाठी सिॲटल निवडण्यातही अर्थ नाही. ती जहाजे बहुधा व्हिक्टोरियाला थांबतातच. ग्लेशियर बे पाहायचा असल्यास जहाजाला तेथील परवाना आहे ना, हे विचारावे. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो.

वडीलधाऱ्यांची केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बाल्कनी साऱ्या कुटुंबात एकाच केबिनला पुरे. हिमनदीसमोर जहाज सहसा सावकाश वळते, आणि वरचा डेक सर्वांना खुला असतोच.

जेवणाबाबत ‘शाकाहारी’ एवढे लिहून भागत नाही. अंडी आणि कंदमुळे नकोत, असे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. कंपनीचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत अनामत रक्कम भरू नये.